कोपीतला रक्तदाब आणि एका छोट्या संशोधनाचा अर्ज

नमस्कार श्रोतेहो. सांगली, मिरज, विटा, कऱ्हाड, फलटण या भागातल्या दवाखान्यांत आणि उपकेंद्रांत काम करणाऱ्या माझ्या सिस्टर आणि ब्रदर मंडळींना आज मुद्दाम हाक मारते आहे. नर्सिंग शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली. तुमच्यातल्या कितीतरी जणींच्या मनात एखादा प्रश्न ठाण मांडून बसलेला मी पाहिला आहे. हा पेशंट गोळ्या मध्येच का सोडतो? ओपीडीत आपण एवढं समजावतो, त्यातलं घरी किती पोचतं? हे संशोधनाचे प्रश्न आहेत. त्यांची लहान प्रमाणावर चाचपणी करायला निधी मिळतो. त्याला पथदर्शी अभ्यास म्हणतात, आपण बोलताना पायलट स्टडी म्हणतो. त्याचा अर्ज कसा लिहायचा, ते आज सांगते.

उदाहरण आपल्या मातीतलं घेऊ. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या येतात. साखर कारखान्याच्या आसपास, ओढ्याकाठी त्यांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, उभ्या राहतात. नवराबायको मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी. पहाटे अंधारात फडावर, उसाच्या शेतात, जायचं, दिवस मावळल्यावर परतायचं. त्यांच्यात कुणाला रक्तदाब असेल, तर त्याचा केसपेपर गावाकडच्या आरोग्य केंद्रात असतो. बरोबर आणलेल्या गोळ्या संपल्या की संपल्या. आपली ओपीडी सकाळची, आणि सकाळी ही माणसं फडात. 2017 च्या अखेरीस देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम सुरू झाला, तेव्हा पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातले चार जिल्हे होते आणि त्यात आपला सातारा होता. म्हणजे औषध आहे, कार्यक्रम आहे. पण औषध केंद्रात आणि माणूस फडात. ही मधली वाट नर्सनेच शोधायची आहे, असं मला मनापासून वाटतं.

समजा तुम्हाला सुचलं, की पंधरा दिवसांतून एकदा संध्याकाळी कोप्यांवर जायचं, रक्तदाब मोजायचा, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या पोचवायच्या, मिठाबद्दल आणि तंबाखूबद्दल बोलायचं. चांगली कल्पना आहे. आता अर्जात उद्दिष्ट काय लिहाल?

माझा पहिला अर्ज इथेच अडला होता. मी लिहिलं होतं, ‘ग्रामीण महिलांचे आरोग्य सुधारणे.’ आणि नमुना होता साठ बायकांचा. परीक्षकांनी एकच विचारलं, साठ जणींवरून हे तुम्हाला कळणार कसं? तेव्हा मला फार लागलं. पण प्रश्न रास्त होता.

उपाय गुणकारी आहे हे सिद्ध करायला पायलट स्टडी नसतेच. तेवढी माणसंच तिच्यात नसतात. मोठा अभ्यास या ठिकाणी, या माणसांत, या वेळेला करता येईल का, एवढंच ती सांगते. किती जणांना विचारलं आणि किती जण हो म्हणाले? महिन्याने टोळी दुसऱ्या गावच्या फडावर गेली, तेव्हा त्यातले किती सापडले? चूल पेटवायच्या वेळी बाईला दहा मिनिटं बसायला सवड मिळते का? एका कोपीला नर्सचा किती वेळ गेला? ही उत्तरं 30 माणसांतूनसुद्धा मिळतात. दोन गट करणार असाल तर गटाला किमान 12 हा संख्याशास्त्रातला एक ठोकताळा आहे. तो जरूर वापरा, पण गळती, म्हणजे मध्येच सुटणारी माणसं, किती धरली आणि का धरली, तेही लिहा.

आणि पुढे जायचं की थांबायचं, हे आधीच ठरवून टाका. म्हणजे असं, की दर 10 जणांतले 7 किंवा जास्त दुसऱ्या भेटीला सापडले तर मोठा अभ्यास करू, 5 किंवा 6 सापडले तर पद्धत बदलू, त्याहून कमी असतील तर ही वाट सोडू. हे लिहिलेलं असलं की परीक्षकाला दिसतं, या माणसाला ‘नाही’ हे उत्तरही चालणार आहे. मोठा खर्च होण्याआधी ‘नाही’ कळलं, तर तेही कामाचंच.

आता जे नर्सच्याच नजरेला दिसतं ते सांगते. ऊस तोडणारी बाई साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालते, नाहीतर उसाच्या पात्यांनी हात चिरतात. रक्तदाब मोजायला दंड उघडा लागतो. पाठ टेकून पाच मिनिटं शांत बसल्यावर मोजायचा, थोडं थांबून पुन्हा मोजायचा. उघड्यावर, पुरुषमाणसांसमोर ती तो शर्ट काढेल का? म्हणून अंदाजपत्रकात घडीचा एक पडदा हवा, पाठ टेकायची खुर्ची हवी, आणि वेगवेगळ्या मापांचे कफ, म्हणजे दंडाला गुंडाळायचे पट्टे, हवेत. बारीक दंडाला मोठा कफ लावला तर आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. खर्च थोडाच आहे, पण त्या दोन-तीन ओळी वाचताना परीक्षकाला कळतं, की लिहिणारी तिथे जाऊन आलेली आहे. बाकी रात्री परतायच्या गाडीचं भाडं, यंत्राची तपासणी, छपाई, माहिती भरणाऱ्याचं मानधन, हे धरा. लॅपटॉप आणि प्रिंटरची यादी नको. बिलं जपून ठेवा, शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे निधी कशावर खर्च झाला त्याचा दाखला, द्यावं लागतं.

संमतीबद्दल मला जरा थांबून बोलायचं आहे. या माणसांनी मुकादमाकडून, म्हणजे टोळी आणणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते. मुकादम म्हणाला, ‘सगळ्यांनी तपासून घ्या,’ तर नाही कोण म्हणणार? मुकादमाची परवानगी म्हणजे माणसाची संमती नव्हे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, 2017 ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं प्रत्येकाची स्वतःची संमती मागतात. संमतीपत्र बोलीतल्या मराठीत लिहा. टोळीत बंजारा कुटुंबं असतील तर गोरमाटी बोलणारं कुणीतरी बरोबर घ्या. सही येत नसेल तर अंगठा आणि निःपक्ष साक्षीदार. हा साक्षीदार मुकादम असता कामा नये. आणि एखाद्याचा रक्तदाब फार चढलेला निघाला, तर त्याच रात्री त्याला कुठे, कोणत्या गाडीने नेणार, हे अर्जातच लिहा. ते ठरलेलं नसेल तर मोजायला जाऊच नका.

निधी कुठे मिळतो? नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ संलग्न महाविद्यालयांतल्या शिक्षकांना संशोधन अनुदान देतं. आयसीएमआरच्या योजना आहेत, नर्सिंग रिसर्च सोसायटी ऑफ इंडिया आहे. रक्कम आणि मुदत बदलत असतात, म्हणून चालू सूचना काढून शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. वॉर्डातल्या किंवा उपकेंद्रातल्या सिस्टरने नर्सिंग कॉलेजच्या शिक्षिकेला गाठावं आणि सहसंशोधक म्हणून आपलं नाव घालायला सांगावं. ‘प्रश्न माझा आहे,’ हे बोलायला संकोच करू नका. 12 मे ला आपण फ्लोरेन्स नाइटिंगेलची आठवण दिवे लावून करतो. तिच्याजवळ नोंदवहीही होती. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगांनी जास्त मेले, हे तिने 1858 मध्ये आकृती काढून सरकारपुढे मांडलं.

शेवटी वेळेचं गणित. ऊसतोड सुरू झाल्यावर अर्ज लिहायला बसलात, तर मंजुरी येईपर्यंत टोळ्या गावाकडे परतलेल्या असतील. संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नैतिक समितीच्या बैठकीला वेळ लागतो, निधीच्या निर्णयाला त्याहून जास्त. म्हणून पुढच्या वर्षीचा हंगाम डोळ्यांपुढे ठेवा आणि या हंगामात नुसती एक संध्याकाळ कोप्यांवर जाऊन या. कुणाचा रक्तदाब मोजू नका, कुणाचं नाव लिहू नका, त्याला समितीची मंजुरी लागते. बायका किती वाजता परततात, चुली केव्हा पेटतात, बसायला आडोसा कुठे आहे, एवढं बघा. घरी येऊन त्याच रात्री एका पानावर उतरवून काढा. तुमच्या अर्जाचं पहिलं पान तेच असेल.

नमस्कार.