केराचा आठवडा आणि आईचा डबा

श्रोतेहो, नमस्कार.

माझं माहेर सांगलीचं. गेली नऊ वर्षं मी जर्मनीत, श्टुटगार्टला राहते. आपली मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत, हे मला तिथे गेल्यावर कळलं. सुट्टीला घरी आले की सगळे एकच विचारतात, तिकडे काय मिळालं? आज तेच सांगायला बसले आहे. मिळालं ते सगळं बारीकसारीक, पण मला ते मोजून ठेवावंसं वाटतं.

ऑक्टोबरात आमच्या गल्लीत कुणीतरी कुंपणाशी सफरचंदांची पेटी ठेवतं. वर चिठ्ठी, ‘घेऊन जा’. आपण घरी नसलो तर आपलं पार्सल शेजारी घेऊन ठेवतात. असं पुष्कळ आहे. पण मला गोष्ट सांगायची आहे ती केराची. हो, केराचीच.

तिकडे श्वाबियन मुलखात एक पद्धत आहे, ‘केरवोखे’. वोखे म्हणजे आठवडा आणि केर म्हणजे, ऐका हं, झाडणं! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला इतका आनंद झाला की मी लगेच आईला फोन लावला. म्हटलं, आई, इथे केराला केरच म्हणतात! तर हा केराचा आठवडा. इमारतीतल्या घरांनी पाळीपाळीने जिना, अंगण, समोरचा फुटपाथ झाडायचा. ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी टांगायची. आठवडा संपला की पाटी पुढच्या दारावर. आमच्याकडे सहा बिऱ्हाडं, म्हणजे सहा आठवड्यांनी पाटी आपल्या दारी. हिवाळ्यात बर्फ पडलं की तेही त्याच घराने काढायचं, आणि कामाच्या दिवशी सकाळी सातच्या आत.

आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी राहतात, एकट्या. तेव्हा एक्याऐंशी वर्षांच्या होत्या. आमचा त्या इमारतीतला दुसराच हिवाळा. संक्रांत आली. वाण कुणाला देणार? हळदीकुंकवाला कोण येणार? पण चिकीचा गूळ मी इथूनच नेला होता. तिळाचे लाडू वळले, आईच्या स्टीलच्या डब्यात भरले आणि आजींचं दार वाजवलं.

हा डबा म्हणजे तुमच्या घरात असतो तसाच. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी आईचं नाव घातलेलं आणि साल १९८७. (जाता जाता सांगते, भांड्यांवर नावं घालणं आपण बंद केलं, ते मला मुळीच आवडत नाही. प्लॅस्टिकच्या डब्याला ना गाव ना नाव.) आजींनी त्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं. विचारलं, हे काय लिहिलंय? म्हटलं, माझ्या आईचं नाव. त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं, डबा घेतला, दार लावलं.

चार दिवसांनी डबा परत आला. लखलखीत घासलेला. आणि रिकामा.

श्रोतेहो, डबा रिकामा परत करायचा नाही, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. काही नसलं तर चमचाभर साखर घालतो आपण. मला फार लागलं ते. वाटलं, लाडू आवडले नसतील, किंवा मी दार वाजवलेलंच आवडलं नसेल. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “त्यांच्यात पद्धत नसेल गं. तू देत राहा.”

फेब्रुवारीत पाटी आमच्या दारी आली. रविवारी संध्याकाळी ती दारावर टांगलेली मी स्वतः पाहिली. नवरा कामासाठी बर्लिनला, आणि त्याच रात्री मुलाला ताप भरला. रात्रभर खोकला. पहाटे कधीतरी माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा सहा वाजून गेलेले आणि खिडकीबाहेर सगळं पांढरंशुभ्र. मुलाला पांघरूण घातलं, अंगावर कोट चढवला, फावडं आणायला म्हणून दार उघडलं. दारावर पाटी नव्हती.

खाली उतरले. दारापासून फाटकापर्यंत वाट मोकळी केलेली. पुढचा फुटपाथही मोकळा, पाय घसरू नये म्हणून त्यावर बारीक खडी पसरलेली. आत वळले तर आजींच्या दाराशी फावडं टेकवलेलं, त्याच्या पात्यावरचं बर्फ वितळून फरशीवर ओघळ आलेला. आणि आमची पाटी त्यांच्या दारावर.

एक्याऐंशी वर्षांची बाई, श्रोतेहो. पहाटे उठून पाटी आमच्या दारावरून काढून तिने स्वतःच्या दारावर लावली.

दुपारी मी आभार मानायला गेले. बोलता बोलता माझा कंठ दाटून आला. आजी दारातच उभ्या. म्हणाल्या, “मूल रात्रभर खोकत होतं, ऐकू येत होतं मला.” मग जरा थांबून म्हणाल्या, “आणि तुमचे लाडू खाल्ले होते ना मी.”

बस. एवढंच बोलल्या. मग विचारलं, आई कशी आहे? आणि आईचं नाव घेतलं, तेच, झाकणावरचं.

तेव्हापासून तो डबा आमच्याकडून खाली जातो, खालून वर येतो. दिवाळीला चकल्या जातात. कधी अक्रोड येतात, कधी डबा रिकामाच येतो. आता रिकामा आला तरी मी आत डोकावून बघत नाही. नाती जपायला मोठमोठ्या भेटी लागतात असं हल्ली आपल्याकडे लग्नामुंजीत वाटू लागलंय, ते मला पटत नाही. फूल ना फुलाची पाकळी म्हणणारी माणसं आपण.

आजी आता चौऱ्याऐंशीच्या आहेत. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, काठी घेऊन चालतात. डिसेंबरात पाटी त्यांच्या दारी गेली. त्या रात्री बर्फ पडायला लागलं. मी पहाटे साडेपाचला उठले, पायांत मोजे तेवढे घातले, आवाज होऊ नये म्हणून, आणि जिना उतरले. पाटी काढली, वर आणली, आमच्या दारावर टांगली. मग बूट घालून फावडं घेतलं.

आई, तू हे ऐकत असशील. डबा सध्या त्यांच्याकडे आहे.