फोनमधलं पाप आणि कन्फेशनची रांग

फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा भरते तेव्हा कुठून कुठून गाड्या भरून लोक येतात, ख्रिस्ती येतात, हिंदू येतात, मेणबत्त्या लावतात, नवस बोलतात. नोकरी लागू दे, मूल होऊ दे, आजारपण जाऊ दे. पण एक त्रास असा आहे की तो कुणी नवसातसुद्धा बोलत नाही, आणि तो खिशातल्या मोबाईलमध्येच असतो. आज पॉर्नबद्दल बोलूया, म्हणजे कॅथलिक चर्च त्याबद्दल काय म्हणतं त्याबद्दल, कारण बऱ्याच जणांना वाटतं की चर्च फक्त "घाण आहे, बघू नका" एवढंच सांगतं आणि विषय संपवतं.

आधी एक गोष्ट. ऑक्टोबर २०२२ मध्ये रोममध्ये पोप फ्रान्सिस फादर लोकांशी आणि फादर व्हायला शिकणाऱ्या मुलांशी बोलत होते, तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं की हे व्यसन खूप लोकांना आहे, पुरुषांना आहे, बायकांना आहे, आणि फादर-सिस्टर लोकांनाही आहे. पोपने हे आपल्याच माणसांसमोर बोलणं मला फार मोठं वाटतं. त्यामुळे कॉलेजरोडवरच्या हॉस्टेलमधल्या मुलाने किंवा सिडकोत राहणाऱ्या दोन मुलांच्या बापाने "असा घाणेरडा मी एकटाच" असं समजायचं काही कारण उरत नाही.

आता चर्च याला पाप का म्हणतं? चर्चच्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथात, १९९२ साली जो आला त्यात, २३५४ नंबरचा परिच्छेद यावरच आहे. त्यात फक्त बघणाऱ्याच्या शुद्धतेबद्दल नाही लिहिलेलं. त्यात म्हटलंय की यात भाग घेणाऱ्या प्रत्येकाच्या प्रतिष्ठेला गंभीर इजा होते, काम करणारे, विकणारे, बघणारे सगळेच, कारण प्रत्येक जण दुसऱ्याच्या हलक्या सुखाची आणि गैर कमाईची वस्तू बनतो. स्क्रीनवरची ती मुलगी कुणाची तरी मुलगी आहे, ती तिथे कशी आली, मर्जीने आली का, कुणी आणली, हे आपण विचारत नाही, विचारलं तर बघवणारच नाही. आणि रोज असं बघणाऱ्याला हळूहळू घरातली बायकोसुद्धा तशीच दिसायला लागते, म्हणजे माणूस म्हणून नाही, वापरायची गोष्ट म्हणून. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९७९ ते १९८४ अशी पाच वर्षं बुधवारच्या सभांमध्ये माणसाच्या शरीराबद्दलच शिकवण दिली, शरीर वाईट आहे असं नाही तर शरीर ही देणगी आहे, दुसऱ्याला प्रेमाने द्यायची. हा पाया माहीत नसेल तर बाकी सगळं नुसता नियम वाटतं.

आता एक खरी गोष्ट ऐका, इटलीतली, १९०२ सालची. अलेस्सांद्रो सेरेनेल्ली, विशीतला पोरगा. त्याचं आणि मारिया गोरेत्तीचं कुटुंब एकाच घरात राहायचं, मारियाचे वडील मलेरियाने वारलेले, आई असुंता शेतात राबायची. मारिया अकरा वर्षांची. त्याने तिच्यावर जबरदस्ती करायचा प्रयत्न केला, ती नाही म्हणाली, त्याने तिला चौदा वार करून भोसकलं. दुसऱ्या दिवशी ती गेली, पण जाण्याआधी मी त्याला माफ केलं असं म्हणून गेली.

त्याला तीस वर्षांची शिक्षा झाली. सुरुवातीला त्याला काही पश्चात्ताप नव्हता, उलट कडवट झाला होता. मग तुरुंगात त्याला स्वप्न पडलं, मारिया त्याला पांढरी लिलीची फुलं देतेय, आणि तिथून तो बदलायला लागला. सत्तावीस वर्षांनी सुटल्यावर तो मारियाच्या आईकडे गेला आणि माफी मागितली. आईने केलं माफ. नाताळच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीला, दोघांनी शेजारी शेजारी कम्युनियन, म्हणजे ख्रिस्तप्रसाद घेतला. मारियाला १९५० मध्ये संत घोषित केलं तेव्हा ती आई तिथे हजर होती. अलेस्सांद्रो पुढे कॅपुचिन संघाच्या साधूंच्या मठात बागेचं काम करत राहिला, १९७० मध्ये वारला. १९६१ मध्ये त्याने एक पत्र लिहून ठेवलं, त्यात तो म्हणतो की तरुणपणी मी वाईट रस्त्याला लागलो, आणि वाईट छापील गोष्टी, वाईट उदाहरणं यांचा त्यात हात होता.

फोनवर बघणारा प्रत्येक जण खुनी होतो असं कुणीही म्हणत नाहीये, प्लीज तसं घेऊ नका. आणि ज्या मुलीवर अत्याचार झाला आणि जी वाचली ती काही कमी पवित्र नसते, हेही ठासून सांगायला हवं. पण इतकं केलेल्या माणसालासुद्धा परतीची वाट होती, आणि त्या वाटेवर त्याला सत्तावीस वर्षं तुरुंग भोगावा लागला, हे दोन्ही एकत्र बघायला पाहिजे.

कन्फेशनचं, म्हणजे फादरसमोर आपली पापं कबूल करण्याचं, पण तसंच आहे. फादरने पापक्षमा दिली की देवाची क्षमा मिळाली, पूर्ण मिळाली, आणि ऐकलेलं फादर कुणालाच सांगू शकत नाही, पोलिसाला नाही, बिशपला नाही, सांगितलं तर स्वतःच बहिष्कृत होतो. पण पाप माफ झालं म्हणून त्याने झालेलं नुकसान भरून निघत नाही, ते भरून काढायचा प्रयत्न करावा लागतो, हेही चर्चच शिकवतं. म्हणजे बायकोला कळलंय, ती रडतेय, बोलत नाहीये, तर "फादरने मला माफ केलं, आता तू पण कर" असं तिला म्हणता येणार नाही. असुंताने स्वतःहून माफ केलं, तिच्याकडून कुणी करवून घेतलं नाही. बायकोला वेळ लागेल, तोवर फोन हॉलमध्ये ठेवून झोपायचं, गरज पडली तर समुपदेशकाकडे जायचं, खोटं बोलायचं नाही.

आणि परत त्याच पापात पडलात तर? सवयीमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते हे चर्च मानतं, म्हणून परत पडलेल्याला कुणी दारातून हाकलत नाही. पोप फ्रान्सिस म्हणायचे की देव माफ करून थकत नाही, आपणच मागायला थकतो. परत कधीच करणार नाही अशी गॅरंटी द्यायची नसते, नाही करायचं हा मनापासून निश्चय लागतो.

राखेच्या बुधवारनंतरच्या उपवासकाळात नाशिकच्या चर्चेसमध्ये कन्फेशनला रांगा लागतात, पण इतर दिवशीही मिस्साच्या आधी फादरला विचारलं तर ते बसतात. ओळखीच्या फादरसमोर लाज वाटत असेल तर दुसऱ्या पॅरिशमध्ये, म्हणजे दुसऱ्या भागातल्या चर्चमध्ये जा, त्यात काही चुकीचं नाही. फादर आणि आपल्यामध्ये असते त्या जाळीसमोर गेल्यावर पहिलं सांगायचं की आधीचं कन्फेशन कधी झालं होतं, आणि वर्षं इतकी झाली असतील की आठवतच नसेल, तर आठवत नाही असं सांगितलं तरी चालतं, फादर पुढचं विचारतात.