थंडी गाठते ती थांबल्यावर

(पहाट. मोकळं मैदान, उंच खांबांवरचे दिवे. कचऱ्याच्या काळ्या पिशव्या अंगात घालून उभी असलेली माणसं. तोंडातून वाफा निघताहेत.)

मॅरेथॉन सुटायला अजून पावणेदोन तास आहेत. तापमान 2 अंश. गवत दवाने भिजलेलं, त्यामुळे खाली टेकायची सोय नाही. कुणी पुठ्ठा शोधून त्यावर बसलंय, बाकीचे एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत उभे आहेत. शौचालयांपुढची रांग मैदानाच्या टोकाला पोचली आहे आणि ती पुढे सरकतेय असं काही दिसत नाही.

या सगळ्यांनी चार-पाच महिने सराव केलाय. विमानाची तिकिटं, हॉटेल, रजा, सगळी जुळवाजुळव करून ते परक्या शहरात येऊन पोचलेत. धावण्याची तयारी प्रत्येकाची झाली आहे. उभं राहण्याची तयारी मात्र फारच थोड्यांनी केलेली दिसते.

थंडीतली मॅरेथॉन म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो बर्फातून धावणारा माणूस. त्याची फारशी काळजी नको, त्याचं अंग तापलेलं असतं. धावताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात, तिच्यातला जेमतेम पाव हिस्सा प्रत्यक्ष धावण्याच्या कामी येतो. उरलेल्याची उष्णता होते. 65 किलो वजनाचा माणूस 42.195 किलोमीटर धावला तर ढोबळमानाने 2700 किलोकॅलरी खर्च होतात. म्हणजे 2000 किलोकॅलरींची शेगडी तो सोबत घेऊनच धावत असतो. म्हणून तर मॅरेथॉनसाठी 5 ते 10 अंशांची हवा उत्तम मानली जाते.

पण ही शेगडी पायांवर चालते. ताशी 10 किलोमीटरच्या वेगाने धावणारं शरीर बसलेल्या शरीराच्या साधारण दहापट ऊर्जा वापरतं. तोच माणूस चालायला लागला की तीन-चारपट. थांबला की संपलं. पहिल्या 30 किलोमीटरमध्ये घामाने भिजलेला शर्ट, मग ‘वॉल’ लागते, म्हणजे अंगातलं बळ एकदम सरतं, पाय जड होतात, धावणं सुटून चालणं सुरू होतं, आणि त्याच वेळी पुलावरून वारा येतो. थंडीतल्या मॅरेथॉनमध्ये माणसं इथे सापडतात.

(हवामानाच्या अंदाजाचा पडदा. तापमानाच्या शेजारी वाऱ्याचा वेग.)

अंदाज बघताना बहुतेकांची नजर तापमानाच्या आकड्यावर थांबते. त्याच्या शेजारचा वाऱ्याचा आकडा जास्त बोलका असतो. 1940 च्या सुमारास अंटार्क्टिकात पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल यांनी प्लॅस्टिकच्या नळकांड्यात पाणी भरून ते वाऱ्यात टांगलं आणि गोठायला किती वेळ लागतो ते मोजलं. आपण ज्याला विंड चिल, म्हणजे वाऱ्यामुळे जाणवणारी जादा थंडी म्हणतो, त्याची सुरुवात तिथे झाली. आज वापरात असलेलं सूत्र 2001 चं आहे. त्यानुसार तापमान 5 अंश आणि वारा ताशी 30 किलोमीटर असेल, तर उघड्या कातडीला ते शून्यासारखं लागतं. उणे 10 अंशांना तोच वारा उणे 20 ची थंडी देतो. शिवाय या सूत्रात पाऊस धरलेलाच नाही. पाणी हवेपेक्षा 25 पट वेगाने उष्णता ओढून नेतं.

(पाऊस. ओला रस्ता, रेनकोटातले प्रेक्षक.)

16 एप्रिल 2018, बोस्टन मॅरेथॉन. पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता, वारा समोरून आणि तापमान 5 अंशांच्या आसपास. आकडा ऐकून कुणी घाबरणार नाही. तरी त्या दिवशी कितीतरी नामांकित धावपटूंनी शर्यत अर्ध्यावर सोडली. अमेरिकन धावपटू डेझिरे लिंडेनलाही सुरुवातीला वाटत होतं की आज काही आपलं खरं नाही. आपण सोडणारच आहोत तर दुसऱ्याच्या तरी उपयोगी पडू, म्हणून तिने सोबत धावणाऱ्या शालेन फ्लॅनगनला मदतीचं विचारून ठेवलं. फ्लॅनगन वाटेत शौचालयात गेली, तेव्हा लिंडेन तिच्यासाठी रेंगाळली आणि तिला पुन्हा घोळक्यापर्यंत घेऊन गेली. आणि शेवटी शर्यत जिंकली ती लिंडेननेच, 2 तास 39 मिनिटं 54 सेकंदांत. बोस्टनमध्ये अमेरिकन महिला पुन्हा जिंकायला 33 वर्षं लागली होती. फिनिश लाइनवरचे तिचे फोटो बघा. जॅकेट अंगातच आहे.

पुरुषांमध्ये आदल्या वर्षीचा विजेता जेफ्री किरुई आघाडीवर होता. शेवटच्या टप्प्यात त्याचा वेग पार बसला आणि युकी कावाउची त्याला मागे टाकून गेला. कावाउची तेव्हा जपानमधल्या साइतामा प्रांताच्या सरकारी नोकरीत होता, सुट्टीच्या दिवशी शर्यती धावणारा. याच माणसाने त्या वर्षी 1 जानेवारीला बोस्टनजवळच्या मार्शफील्डमध्ये उणे 17 अंशांच्या सुमारास एक मॅरेथॉन धावली होती, 2 तास 18 मिनिटं 59 सेकंदांत. ती शर्यत पूर्ण करणारा तो एकटाच! एप्रिलमधला पाऊस त्याच्या खिजगणतीत नसणार.

थंडी जिवावर बेतायला उणे तापमानच लागतं असंही नाही. 22 मे 2021 रोजी चीनच्या गान्सू प्रांतात, बाइयिनजवळच्या डोंगरात 100 किलोमीटरची शर्यत सुरू होती. 172 जण धावत होते, बरेचसे अर्ध्या चड्डीत आणि पातळ शर्टात. दुपारी उंचावर गारा, बर्फगार पाऊस आणि सोसाट्याचा वारा एकदमच आला. चढ इतका खडा की धावून अंग गरम ठेवणं शक्यच नव्हतं. 21 जण दगावले. त्यांच्यात लियांग जिंगसारखा देशातला अव्वल धावपटूही होता. वाऱ्याला अडवणारं जॅकेट त्या शर्यतीत सक्तीचं नव्हतं. मुठीत मावेल एवढी ती वस्तू. अंदाज कितीही चांगला असला तरी ती कमरेला असलीच पाहिजे, या बाबतीत मी जरा हट्टी आहे.

(हॉटेलची खोली. पलंगावर मांडलेले कपडे, बूट, बिब म्हणजे छातीवर लावायचा क्रमांकाचा कागद, सेफ्टी पिना.)

आता कपडे. जुना ठोकताळा असा : बाहेर आहे त्यापेक्षा हवा आठ-दहा अंशांनी गरम आहे असं समजून कपडे घाला. पहिले दोन किलोमीटर काकडायला झालं पाहिजे. स्टार्टलाच उबदार वाटत असेल तर दहाव्या किलोमीटरपर्यंत घामाने चिंब झालेले असाल, आणि पुढची गोष्ट मघाशी सांगितलीच. अंगाला लागून असलेला थर घाम बाहेर सोडणारा, कृत्रिम धाग्याचा किंवा मेरिनो लोकरीचा. सुती बनियन घरी राहू दे. ते भिजतं आणि भिजलेलंच राहतं. उणे तापमानात वर वारा अडवणारा पातळ थर. पुरुषांनी पुढून वारा अडवणारी आतली चड्डी घ्यावी. हसू येतं, पण ज्याने ती घातली नव्हती त्याला विचारा.

मग स्टार्टची पावणेदोन तासांची थंडी कशाने निभवायची? टाकून द्यायच्या कपड्यांनी. जुना स्वेटर, विटकी ट्रॅक पँट, भोक पडलेले मोजे हातात घालायला, आणि वर डोकं-हात बाहेर काढायला कापलेली कचऱ्याची पिशवी. न्यूयॉर्क मॅरेथॉनमध्ये धावपटूंना भल्या पहाटे स्टार्टच्या जागी, स्टेटन आयलंडवर पोचावं लागतं आणि तिथे काही तास काढावे लागतात. तिथे टाकलेले कपडे गोळा करून दान केले जातात. बुटांवरूनही जुने मोजे चढवा किंवा पिशव्या बांधा. ओल्या गवतातून बूट भिजले तर ते दिवसभर भिजलेलेच. आणि हे कपडे शेवटच्या पाच मिनिटांपर्यंत काढू नका. रांगेत एकाने स्वेटर काढला की सगळेच काढायला लागतात.

शौचालयाच्या त्या लांबलचक रांगेलाही कारण आहे. थंडीत कातडीकडचं रक्त आत ओढलं जातं, मूत्रपिंडाला वाटतं पाणी जास्त झालं, आणि लघवी वाढते. त्याच वेळी तहान मात्र मंदावते. म्हणून थंडीत पाणी तहानेवर सोडून चालत नाही.

(जवळून : हातमोजा काढलेला हात. बोटं लाल. धावताना खायच्या ऊर्जा-जेलच्या पाकिटाचा कोपरा पकडायचा प्रयत्न.)

बोटांकडे नीट बघा. बधिर झाल्यावर चिमूट मिटत नाही. पाकिटाच्या कोपऱ्यावरची खाच दिसते, पण पकडता येत नाही. मग दात. थंडीने जेल घट्ट झालेलं असतं, ते दाबूनही बाहेर येत नाही. 25 व्या किलोमीटरला भरपूर जेल खिशात असूनही उपाशी राहिलेले धावपटू दिसतात ते असे. जेल बाहेरच्या खिशात न ठेवता अंगालगत, कमरपट्ट्याच्या आतल्या बाजूला ठेवा. आदल्या रात्री कोपऱ्याला कात्रीने किंचित काप देऊन ठेवला तर आणखी सोपं. बोटं सुटी असलेल्या मोज्यांपेक्षा चारही बोटं एकत्र राहणारे मोजे जास्त ऊब देतात.

बिब कशावर लावायचा, हेही आदल्या रात्रीच ठरवा. जॅकेटवर लावला आणि गरम झालं म्हणून जॅकेट काढलं, तर धावता धावता चार पिना सोडवत बसावं लागतं. कमरेच्या पट्ट्यावर लावला की प्रश्नच मिटतो. काखा, मांड्या, स्तनाग्रं या जागी व्हॅसलीन. गालांवर, नाकावर वाऱ्यासाठी थोडं. दम्याचा त्रास असलेल्यांनी पंप सोबत ठेवावा आणि तोंडावर बफ (गळ्यात घालायची कापडी नळी) ओढावा, कारण कोरड्या गार हवेने श्वासनलिका आकसतात. उणे तापमानात पाण्याची बाटली उलटी ठेवायची. पाणी वरून गोठायला लागतं, उलट्या बाटलीचं झाकण त्यामुळे मोकळं राहतं. पाण्याच्या टेबलांपाशी सांडलेल्या पाण्याचा बर्फ झालेला असतो, तिथे पावलं आखूड टाका.

(विमानतळ. सरकता पट्टा. मग गजबजलेला एक्स्पो, म्हणजे शर्यतीआधी बिब घ्यायला जायचं ते प्रदर्शन.)

प्रवासाबद्दल थोडक्यात. बूट आणि धावायचे कपडे हातातल्या बॅगेत, बाकी सामान हरवलं तरी चालेल. वेळेचा फरक असेल तर दर तासामागे साधारण एक दिवस धरतात. पूर्वेकडे जाताना जास्त त्रास होतो. उष्ण हवेत सराव केलेल्यांनी दोन दिवस आधी पोचून थंडीची सवय होईल अशी आशा धरू नये. उन्हाची सवय शरीराला दहा-चौदा दिवसांत लागते, थंडीची तशी लागत नाही. तिथे कामाला येतात ते कपडेच. म्हणून शर्यतीच्या आदल्या सकाळी, शर्यतीच्याच वेळेला, तेच सगळे कपडे घालून वीस मिनिटं हलकं धावून या. कुठे वारा शिरतो, कुठली शिवण घासते, सगळं कळतं.

आणि शहर बघायचं ते शर्यतीनंतर! एक्स्पोत तीन तास, मग एक संग्रहालय, मग जुना बाजार. संध्याकाळी पायांत गोळे, आणि दोष मात्र हवेला.

(फिनिश लाइन. चंदेरी चादरी. माणसं हळूहळू पुढे सरकताहेत.)

फिनिश लाइन ओलांडली की शेगडी विझते, घाम तसाच असतो. पुढची वीस मिनिटं सगळ्यात वाईट. खांद्यावर पडते ती चकाकणारी चादर अमेरिकेच्या नासाने 1964 मध्ये अवकाशमोहिमांसाठी तयार केलेल्या साहित्यातून आली. ती अंगाची उष्णता परतवते आणि वारा अडवते, पण ओला शर्ट वाळवत नाही. तेव्हा बॅग घेतल्या घेतल्या आधी वरचे ओले कपडे काढा. बॅगेत सगळ्यात वर कोरडा शर्ट, मग कानटोपी, मग चेनचं जॅकेट. बटणं नकोत, बोटं चालणार नाहीत. बुटांची नाडीही सुटत नाही कित्येकदा, कुणाला तरी सोडून द्यायला सांगा, त्यात लाज कसली.

शरीराचं आतलं तापमान 35 अंशांखाली गेलं की हायपोथर्मिया. शेजारचा धावपटू अडखळत बोलत असेल, चिडचिड करत असेल, किंवा हुडहुडी भरलेला माणूस एकदम शांत झाला असेल, तर त्याला बळेच वैद्यकीय तंबूत न्या. हुडहुडी थांबणं हे तिथे सुधारणेचं लक्षण नव्हे. बधिर बोटं चोळू नका, कोमट पाण्यात धरा. गरम गोड पेय चालेल, दारू नको.

(रस्त्याकडेचा कठडा. हातात फलक घेतलेली एक बाई, पाय आपटत उभी.)

एका माणसाची तयारी या सगळ्यात राहून जाते. जो सोबत आलाय त्याची. धावणाऱ्याकडे निदान शेगडी होती. हा माणूस सकाळपासून चार-पाच तास कठड्याला टेकून उभा आहे, तुम्ही दिसणार म्हणून मोजून दहा सेकंद. सामानातलं सगळ्यात जाड जॅकेट त्याच्यासाठी घ्या. जाड तळव्याचे बूट, थर्मास, आणि रस्त्यावर पायाखाली टाकायला पुठ्ठ्याचा एक तुकडा. ट्रॅकिंगच्या ॲपवर तुमचा ठिपका हलताना बघत बसल्याने आणि गारठ्याने त्याच्या फोनची बॅटरी ऐन वेळी मान टाकणार हे धरून चाला. भेटायची जागा आदल्या दिवशीच ठरवा, दोघांनी जाऊन बघून या, आणि ती शक्यतो छपराखालची असू द्या.