परकराची नाडी आधी सैल करा

बसा गं सगळ्या, सतरंजीवरच बसा, नंतर आडवं व्हायचंच आहे. वजन कमी करा हे तुम्हाला सासूपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांनी सांगून झालंय, मी आज श्वासाचं बोलणार आहे.

पांडवलेणीच्या पायऱ्यांवर अर्ध्यात थांबावं लागतं ना, आणि आपण म्हणतो वय झालं. प्रत्येक वेळी वयच नसतं हो ते. फुप्फुसांच्या खाली घुमटासारखा स्नायू असतो, डायफ्राम, म्हणजे श्वासपटल. श्वास घेताना तो खाली सरकतो तेव्हा फुप्फुसाला जागा मिळते, पण पोटात चरबी साठली की ती त्याला खालून रेटत राहते, आडवं झाल्यावर तर जास्तच, म्हणून कितीतरी जणी दोन उश्या घेऊन झोपतात. साधा श्वास सोडून झाल्यावर आणखी जी हवा बाहेर काढता येते ना, वजन वाढलं की सगळ्यात आधी ती कमी होते, आणि ती बाहेर ढकलायचं काम असतं पोटाच्याच स्नायूंचं. म्हणून मी कोअर कोअर करत असते.

कोअर म्हणजे सिक्स पॅक नाही. एक डबा समजा, झाकण श्वासपटल, बूड ओटीपोटाचा तळ, पुढून पट्ट्यासारखा खोल स्नायू आणि मागे मणक्याचे. मोबाईलवर बघून दम कोंडून पन्नास क्रंचेस, म्हणजे पाठीवर पडून डोकं-खांदे उचलायचे ते, मारले की सगळा दाब डब्याच्या बुडावर येतो, बीपी चढतं, आणि बाळंतपणं झालेल्या बायकांना शिंकताना लघवीचे थेंब जातात ते अजून वाढू शकतं. हे लाजून लपवू नका, यावर उपचार आहेत.

माझ्याकडे एक काकू यायच्या, हंडा उचलताना श्वास धरून ठेवायच्या आणि परकराची नाडी इतकी करकचून बांधलेली की कमरेवर काळा वळ. पोट हलायलाच जागा नाही, खांदे वरखाली. पहिल्या दिवशी आम्ही फक्त नाडी सैल केली आणि उचलताना फू करून श्वास सोडायला शिकवलं. तीन महिन्यांनी वजन जेमतेम दोन किलो उतरलं होतं, पण तिसरा मजला न थांबता चढत होत्या.

पोटाचे व्यायाम केले म्हणून पोटाचीच चरबी जात नाही, त्याला चालणं लागतं, कृषीनगरचा ट्रॅक आहेच, आठवड्याला 150 मिनिटं धरा. आणि बसल्याजागी धाप, पायावर सूज, छातीत दडपण, किंवा घोरताना श्वास अडकत असेल तर आधी डॉक्टर, मग मी.

चला, नाड्या सैल करा. आडव्या व्हा, गुडघे वाकवून, एक हात छातीवर, एक पोटावर. ज्यांना आडवं जमत नाही त्यांनी भिंतीला टेकून बसा. नाकाने श्वास घ्या, पोटावरचा हात वर यायला हवा. आता बशीतला चहा फुंकतो तसा हळूहळू सोडा, आणि सोडताना बेंबीखालचं पोट हलकेच आत घ्या. मावशी, खांदे नाही, पोट. हां, अस्सं. अजून नऊ वेळा.