इथिलीनचा टन कितीला पडतो?

[गुजरातमधली दहेज जेट्टी. इथेनवाहू जहाज, वरून]

हे जहाज अमेरिकेतून, टेक्सासच्या किनाऱ्यावरून इथेन घेऊन आलंय. इथेन हा नैसर्गिक वायूतून वेगळा काढलेला वायू. तो मोडून इथिलीन, म्हणजे प्लास्टिकचा मूळ कच्चा माल, बनतो. पोटात 87 हजार घनमीटर मावतं. उणे 89 अंशांच्या आसपास इथेन द्रवरूप होतं, म्हणून एवढ्या थंडीत ते समुद्रपार आणायचं आणि इथून वाहिनीने हजिरामार्गे थेट रायगडातल्या नागोठण्यापर्यंत न्यायचं. नागोठण्याचा क्रॅकर, म्हणजे इथेन मोडणारा कारखाना, 1990 च्या सुमारास उभा राहिला तो मुंबई हायच्या वायूवर, उरणहून आलेल्या. आता त्याच्या खर्चाचा हिशेब टेक्सासच्या भावापासून सुरू होतो.

तिथे इथेन गॅलनवर विकतात. गॅलनला 25 सेंट धरले, तर टनाला साधारण 185 डॉलर. एक टन इथिलीनसाठी इथेन लागतं सव्वा टन. वर गोठवण्याचा खर्च, जहाजभाडं, वाहिनीचं भाडं. त्याऐवजी नाफ्था, म्हणजे कच्च्या तेलातून निघणारा हलका द्रव घेतला, तर इथिलीनचा तोच टन काढायला तीन टनांहून जास्त लागतो. पण नाफ्थातून प्रॉपिलीन, ब्युटाडाईन, बेन्झीनही निघतं. त्यांचे पैसे वजा केल्याशिवाय दोन्ही खर्च शेजारी मांडू नयेत. अनेक तक्ते नेमके तसेच मांडलेले असतात.

[जुन्या भावांचा आलेख]

2014 च्या मध्याला कच्चं तेल पिंपाला 100 डॉलरच्या वर होतं, तेव्हा इथेनवाल्यांची चांदी होती. 2016 च्या सुरुवातीला तेल 30 च्या खाली आलं आणि तो फायदा आक्रसला. 2022 मध्ये युक्रेन युद्धानंतर तेलही महागलं, वायूही. त्यात चीनने इथिलीनची क्षमता वाढवत नेली, त्यामुळे खर्च वाढला तरी मालाचा भाव वाढेना. युरोपात जुने क्रॅकर बंद होतायत.

[भट्टी. झरोक्यातून दिसणाऱ्या लालभडक नळ्या]

कच्च्या मालाचा भाव कारखान्याच्या हातात नाही. हातात आहे ती ही भट्टी.

किलोभर इथेनमागे 300 ते 400 ग्रॅम वाफ मिसळतात आणि मिश्रण या नळ्यांतून सोडतात. बाहेर पडताना तापमान 850 अंशांच्या आसपास. आत थांबण्याचा वेळ अर्ध्या सेकंदाहूनही कमी. लगेच पुढच्या उष्णताविनिमयकात ते झटक्यात थंड करायचं, नाहीतर तयार झालेलं इथिलीनच पुढे मोडून कोक, म्हणजे कार्बनचा काळा थर, होतं. त्या उष्णतेवर उच्च दाबाची वाफ मिळते आणि तिच्यावर वायू दाबणारा कॉम्प्रेसर फिरतो.

एका फेरीत साठ-पासष्ट टक्के इथेन मोडतं. उरलेलं वेगळं करून परत भट्टीत. म्हणजे प्रत्येक फेरीला दाबण्याचा आणि गोठवण्याचा खर्च पुन्हा. मग जास्त मोडून घ्यावं? तापमान चढवलं की कोकही भराभर धरतो.

[कापलेली नळी, हातात. आतला काळा थर]

हा तो कोक. इथे बोटाच्या पेरापेक्षा पातळ दिसतो, पण उष्णता अडवायला तेवढा पुरतो. आतल्या वायूला तेवढीच उष्णता द्यायची तर बर्नर वाढवावे लागतात, नळीचा पत्रा आणखी तापतो. 1100 अंशांच्या आसपास आला की थांबायचं. इथेनमध्ये गंधक जवळपास नसतं, म्हणून थोडं डायमिथाइल डायसल्फाइड मुद्दाम सोडतात. ते नळीतल्या निकेलला झाकून ठेवतं. डोस चुकला की कोक वाढतो.

[लोहचुंबक नळीला लावताना]

नवी नळी: 25 टक्के क्रोमियम, 35 टक्के निकेल. चुंबक चिकटत नाही. ही वापरलेली. आतल्या बाजूला चिकटला! कार्बन धातूत मुरलाय. नळी ठिसूळ झालीय. अशी भट्टी अचानक बंद पडली, तर गार होताना धातू आकसतो, आतला कोक तेवढा आकसत नाही आणि नळी तडकते.

[झरोक्याचं उघडं झाकण. बंद करणारा हात]

हे झाकण बघा. भट्टीत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो, त्यामुळे उघड्या झरोक्यातून गार हवा आत ओढली जाते आणि ती तापवण्यात इंधन जातं. धुराड्यातला प्राणवायू दोन-तीन टक्क्यांवर ठेवायचा. धुराचं तापमान वीस-बावीस अंशांनी उतरलं की साधारण एक टक्का इंधन वाचतं. फुकटात.

[डिकोकिंग. नियंत्रण कक्षातला पडदा]

महिना-दोन महिन्यांनी इथेनचा पुरवठा बंद करून वाफ आणि हवा सोडतात. कोक जळून जातो. हवा हळूहळू वाढवायची. घाई केली तर आतच आग भडकून नळी वितळते. बाहेर येणाऱ्या वायूतला कार्बन डायऑक्साइड उतरला की काम झालं. दीड-दोन दिवस जातात.

भाव पडले की सगळ्यात आधी कात्री लागते ती देखभालीच्या खर्चाला, आणि तीच कात्री चुकीच्या जागी चालते. भट्टी बंद असली तरी स्थिर खर्च चालूच राहतो. पूर्ण क्षमतेला टनामागे 100 रुपये येणारा हा खर्च 70 टक्क्यांवर 143 होतो. चाळीस दिवस चालणारी भट्टी नीट राखून पन्नास दिवस चालवली, तर वर्षाच्या आठ हजार तासांत सुमारे आठ डिकोकिंगऐवजी सहा-साडेसहा पुरतात. भट्ट्या एकामागून एक डिकोकिंगला घ्यायच्या, म्हणजे एकावेळी एकच बंद राहते आणि कॉम्प्रेसरचा भार उतरत नाही.