यादीतून गेलं, साइटवरून नाही

(नागपुरात मराठी संकेतस्थळं चालवणाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

समजा, नागपूरवरचं एक संकेतस्थळ आहे, वर्डप्रेस या संकेतस्थळं चालवायच्या सॉफ्टवेअरवर बांधलेलं. मारबत, झाडीपट्टी, रामटेक, सावजी असे विभाग आहेत. बाजूच्या पट्टीत कॅटेगरींचा, म्हणजे या विभागांचा, ड्रॉपडाउन लावलाय, क्लिक केलं की खाली उघडणारी यादी. वाचक तो उघडतो, तर रामटेक आणि सावजीच्या मधोमध 'स्लायडर', 'ठळक' आणि 'अनकॅटेगराइज्ड'. हे काहून इथं, असं त्याला वाटणारच. कारण साधं आहे. पहिल्या पानावरच्या सरकत्या चित्रांत कोणता लेख घ्यायचा, हे बऱ्याच थीम्स, म्हणजे साइटचं रूप ठरवणारे तयार साचे, एखाद्या कॅटेगरीवरूनच ठरवतात. म्हणजे ती कॅटेगरी यंत्रासाठी आहे, वाचकासाठी नाही. अशी नावं यादीतून काढावीत, याबद्दल माझं दुमत नाही.

काढण्याआधी दोन गोष्टी तपासा. नुसता पसारा झाला असेल, 'खाणं', 'खाद्य' आणि 'खाद्ययात्रा' असे तीन विभाग झाले असतील, तर लपवू नका, एकत्र करा. आणि 'अनकॅटेगराइज्ड'चा, म्हणजे विभाग न निवडलेले लेख आपोआप जिच्यात जातात त्या डीफॉल्ट कॅटेगरीचा, त्रास असेल तर सेटिंग्जमधल्या रायटिंगमध्ये दुसरी कॅटेगरी डीफॉल्ट करा. मग ती चक्क डिलीट करता येते. डीफॉल्ट असेपर्यंत वर्डप्रेस तिला हात लावू देत नाही.

आता प्रत्यक्ष लपवणं. कॅटेगरी संपादनासाठी उघडली की वरच्या पत्त्यात टॅग आयडी दिसतो, तो आकडा टिपून घ्या. ड्रॉपडाउन तयार करणाऱ्या फंक्शनला, म्हणजे कोडच्या तुकड्याला, 'एक्सक्लूड' (वगळा) नावाची सूचना, म्हणजे आर्ग्युमेंट, देता येतं, त्यात हे आकडे स्वल्पविराम देऊन लिहायचे: १, ७, १२. पोटविभागांसकट अख्खी शाखा काढायची तर 'एक्सक्लूड ट्री'. जुन्या पद्धतीच्या विजेटसाठी, म्हणजे बाजूच्या पट्टीत ठेवायच्या तयार चौकटीसाठी, हे फिल्टरमधून करतात, म्हणजे वर्डप्रेसच्या मूळ कोडला हात न लावता आपला बदल जोडायच्या जागेतून, आणि इथंच लोक तासभर डोकं फोडतात. त्या विजेटला दोन वेगळे फिल्टर आहेत, एक साध्या यादीचा आणि एक ड्रॉपडाउनचा. ड्रॉपडाउनवर टिक असताना यादीच्या फिल्टरला कोड जोडला तर काहीच घडत नाही. चूक झाल्याचा संदेशही येत नाही. कोड चाइल्ड थीममध्ये, म्हणजे मूळ थीमला जोडलेल्या आपल्या वेगळ्या थीममध्ये, ठेवा, नाहीतर थीम अपडेट झाली की तो पुसला जाईल.

२०२१ च्या जुलैत वर्डप्रेस ५.८ आलं आणि विजेटच्या जागी ब्लॉक आले. कॅटेगरीचा ब्लॉक हे दोन्ही फिल्टर वापरत नाही. म्हणून इंटरनेटवरचा जुना कोड जसाच्या तसा चिकटवूनही ढिम्म काही होत नाही. अशा वेळी काही जण थेट सगळ्या टर्म्स, म्हणजे कॅटेगरी आणि टॅग, आणणाऱ्या फंक्शनवरच फिल्टर लावतात आणि 'अ‍ॅडमिनमध्ये (साइट चालवणाऱ्यांच्या भागात) नको' अशी अट टाकून निर्धास्त होतात. पण लेख लिहायचा ब्लॉक एडिटर कॅटेगरी मागवतो रेस्ट एपीआयमधून, म्हणजे माहिती मागवायच्या वेगळ्या वाटेनं, आणि त्या विनंतीला वर्डप्रेस अ‍ॅडमिन समजत नाही. मग लेख लिहिताना 'ठळक' सापडतच नाही, आणि स्लायडर जुन्याच चित्रांवर अडकून बसतो. त्यापेक्षा क्लासिक विजेट्स हे प्लगइन (जोडसॉफ्टवेअर) घालून जुनं विजेट परत आणलेलं बरं. कोडच नको असेल तर मेनू हातानं बांधा. ही सोय २०१० च्या ३.० आवृत्तीपासून आहे. ड्रॉपडाउन मिळणार नाही, पण हवे तेवढेच विभाग आणि हव्या त्या क्रमानं मिळतील. मला स्वतःला हाच मार्ग आवडतो.

सीएसएसनं, म्हणजे पानाची सजावट ठरवणाऱ्या कोडनं, नाव अदृश्य करू का, असं हमखास विचारलं जातं. नको. ड्रॉपडाउनमधल्या पर्यायांना ते सगळ्या ब्राउझरांत लागू होत नाही, आणि पानाच्या सोर्समध्ये नाव राहतंच.

आता खरा धोका. समजा, एखाद्या संस्थेच्या साइटवर 'विश्वस्तांसाठी' नावाची कॅटेगरी, त्यात सभेची इतिवृत्तं, आणि ती ड्रॉपडाउनमधून काढली म्हणून सचिव निवांत. पाटी उतरवली म्हणून इतवारीतलं दुकान बंद होत नाही. त्या कॅटेगरीचं पान तिच्या पत्त्यावर उघडतं, तिची फीड (नव्या लेखांची आपोआप बनणारी यादी) चालू असते, साइटवरच्या शोधात लेख सापडतात. शिवाय २०२० मधल्या ५.५ आवृत्तीपासून वर्डप्रेस स्वतःच साइटमॅप, म्हणजे शोधयंत्रांसाठी पानांच्या पत्त्यांची यादी, बनवतं आणि लेख असलेल्या कॅटेगरींचे पत्ते त्यात देतं, म्हणजे गूगलला आपणच वाट दाखवतो. गुप्त ठेवायचं असेल तर लेखच प्रायव्हेट करा. गंमत म्हणजे मग ड्रॉपडाउनचा प्रश्नही सुटतो. कॅटेगरीतले लेख मोजताना फक्त प्रसिद्ध झालेले धरले जातात आणि रिकामी कॅटेगरी ड्रॉपडाउनमध्ये येत नाही.

राहिला एक निर्णय. एक्सक्लूडचा भाऊ आहे 'इन्क्लूड', म्हणजे फक्त एवढेच दाखवा. चार जण लिहीत असतील आणि प्रत्येक जण मनाला येईल तशी नवी कॅटेगरी काढत असेल, तर इन्क्लूड वापरा, नवं नाव तुम्ही घातल्याशिवाय दिसणार नाही. एकटेच लिहीत असाल तर एक्सक्लूड पुरे. बदल केल्यावर कॅश (साठवून ठेवलेली जुनी पानं) रिकामी करा आणि लॉगआउट होऊन पाहा. वाचक लॉगिन करून येत नसतो.