नावांची यादी

मंडळी, २ नोव्हेंबरला, ख्रिस्ती लोकांच्या मृतांच्या स्मरणदिनी, संध्याकाळी वसईच्या कुठल्याही दफनभूमीत जा. मेणबत्त्या, फुलं, माणसांची गर्दी. हे तुम्ही पाहिलेलं आहे, त्यामुळे त्यावर मी वेळ घालवत नाही. मला बोलायचंय ते नावांबद्दल. मृतांसाठी मिस्सा, म्हणजे वेदीवरची मुख्य उपासना, सांगताना घरचे लोक फादरांकडे नावं देतात ना, त्या यादीबद्दल.

चौथ्या-पाचव्या शतकातला ख्रिस्ती विचारवंत संत ऑगस्टीन, त्याची आई मोनिका उत्तर आफ्रिकेची. तिकडच्या रिवाजाप्रमाणे मिलानमध्येही ती रक्तसाक्ष्यांच्या, म्हणजे श्रद्धेसाठी जीव दिलेल्यांच्या, स्मारकांवर लापशी, भाकरी आणि द्राक्षारस घेऊन गेली. दारवानाने अडवलं. बिशप अँब्रोज यांनी ते बंद केलं होतं, कारण एक तर त्या निमित्ताने दारू पिणं चाले, आणि दुसरं म्हणजे ते परधर्मीयांच्या पितृविधीसारखं दिसे. मोनिकाने मुकाट्याने टोपली ठेवून दिली. पुढे इ.स. ३८७ मध्ये ऑस्तिया बंदरात ती मरणपंथाला लागली तेव्हा मुलांना म्हणाली, हा देह कुठेही पुरा, फक्त प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण करा. बघा, टोपली गेली आणि वेदी आली. ऑगस्टीनच्या तेरा भागांच्या आत्मकथनात आई सगळीकडे आहे, पण तिचं नाव एकदाच येतं. कुठे? वाचकांनो, वेदीपाशी मोनिकाचं आणि माझे वडील पात्रिक यांचं स्मरण करा, असं तो विनवतो तिथे.

तेव्हा ही नावं दोन फळ्यांच्या, पुस्तकासारख्या मिटणाऱ्या पाटीवर लिहीत आणि उपासनेत मोठ्याने वाचत. यादी म्हटली की राजकारण आलंच! कॉन्स्टँटिनोपलचे बिशप योहान ख्रिसोस्तोम इ.स. ४०७ मध्ये हद्दपारीत वारले, तेव्हा त्यांचं नाव पाटीवर नव्हतं. ते परत घालावं की नाही यावर काही वर्षं वाद चालला. अलेक्झांड्रियाचे बिशप सिरिल यांनी आधी साफ नकार दिला होता. एका मेलेल्या माणसाच्या नावावरून!

२ नोव्हेंबर ही तारीख फ्रान्समधल्या क्लुनी मठाचे प्रमुख ओदिलो यांची, साधारण इ.स. १००० च्या आसपासची. आदल्या दिवशी सर्व संतांचा सण, म्हणून दुसऱ्या दिवशी बाकीचे सगळे. महायुद्ध चालू असताना, १९१५ मध्ये, पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी या दिवशी प्रत्येक धर्मगुरूला तीन मिस्सा करण्याची मुभा दिली.

प्रॉटेस्टंटांनी शुद्धिस्थान, म्हणजे स्वर्गाआधी आत्मे शुद्ध होतात ती अवस्था, नाकारलं, त्याबरोबर मृतांसाठी केलेल्या मिस्साही गेल्या. तरी प्रशियाच्या राजाने १८१६ मध्ये आगमनकाळाआधीचा, म्हणजे नाताळच्या तयारीच्या आठवड्यांआधीचा, शेवटचा रविवार मृतांच्या स्मरणासाठी नेमून दिला. जर्मनीतल्या कितीतरी मंडळ्यांत त्या रविवारी वर्षभरात गेलेल्यांची नावं आजही वाचतात. माझ्या मते नाव टिकलं हेच मोठं. शुद्धिस्थानावर भांडणारे भांडोत.

ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये उकडलेल्या गव्हाचा कोलिवा करतात, त्यात साखर, बदाम, डाळिंबाचे दाणे. जमिनीत पडून मरणारा आणि मग पीक देणारा योहानाच्या शुभवर्तमानातला तो दाणा, हा त्यामागचा अर्थ. रशियात लोक चिठ्ठ्या देतात, त्यांवर फक्त बाप्तिस्म्याची नावं. आडनाव नाही, गाव नाही. पाळक भराभर वाचत जातो : इव्हान, मारिया, इव्हान, आन्ना, पुन्हा इव्हान. एवढ्या इव्हानांतला आपला कोणता, हे कुणी विचारत नाही.